अर्थिंगच्या झाकणावरचं कुंकू

अक्का, भांडण अर्ध्यावर टाकून असं कुणी जातं का हो?

तुमच्या छातीत दुखायला लागलं त्याच दिवशी सकाळी मागच्या अंगणात आपलं वाजलं होतं. तुम्ही आंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून, धुण्याच्या दगडाशेजारच्या त्या सिमेंटच्या झाकणावर कुंकवाचं बोट टेकवत होतात. मी वरच्या जिन्यातून म्हटलं, "झाली का तुमच्या पाइपाची पूजा?" तुम्ही वर न बघताच म्हणालात, "हळूं बोल ग. सेल्वी भांडीं घासते आहे, ऐकेल." मी म्हटलं, "ऐकू दे की! कळू दे एकदा सगळ्यांना, की खाली देव नाही, अर्थिंग आहे." तुम्ही हसलात, झारी तिरकी करून उरलेलं पाणी झाकणाखालच्या खड्ड्यात सोडलंत आणि म्हणालात, "सरी, बरें, संध्याकाळीं बोलूं." संध्याकाळी तुम्ही हॉस्पिटलात होतात. त्यानंतर बोलणं राहूनच गेलं.

आता उद्या तुमचा तेरावा. घर भरलंय, खाली पाय ठेवायला जागा नाही. मी वर येऊन दार लावून बसलेय आणि एकटीच बोलतेय. तुम्ही उत्तर देणार नाही, त्याचाच राग येतोय. नेहमी शेवटचा शब्द तुमचाच असायचा, आता मला देऊन काय उपयोग?

कुणी विचारलं तर आपण जावा, एवढंच सांगता येतं. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. तुम्ही खाली, आम्ही वर, मध्ये एक जिना. तुम्ही तंजावरकडच्या, मी सांगलीची. लग्न होऊन मद्रासला, ह्या अड्यारच्या घरी आले तेव्हा तुमचं मराठी ऐकून मला वाटलं, एखादी जुनी बखर पदर खोचून स्वयंपाकघरात उभी आहे. "तें कां बा असें करतीस?" म्हणायचात. मी तोंडाला पदर लावून हसायचे. तुम्ही म्हणायचात, "ही बया बोलते कीं मिरच्या कुटते?" मला तामिळ येत नव्हतं, दुकानात जाऊन मुकाट उभी राहायचे. तुम्ही मला बसमधून घेऊन फिरलात, भाजीवालीशी भांडायला शिकवलंत. या गावात माझं जे काही झालं, ते तुमच्या पाठीमागून चालत झालं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "पुरे, कुकर बंद कर."

पण तुमचा खरा रुबाब अंबत्तूरचा. तिथल्या स्टॅबिलायझरच्या कारखान्यात टेस्टिंगला होतात. सकाळी डबा घेऊन साडीवर निळा कोट चढवून निघायचात आणि परत आलात की बोटांना सोल्डरिंगचा वास. सासूबाई म्हणायच्या, बायकांनी विजेशी खेळू नये. तुम्ही म्हणायचात, "विजेला बाई कीं बाप्या तें कळत नाहीं, अत्तै."

आणि तुमचं ते एक वाक्य. घरात कुणीही फ्रिजला, गिझरला, वॉशिंग मशीनला हात लावायला गेलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "उलट्या हातानें!" तळव्यानं धरलं आणि करंट असला तर बोटं मिटतात, सुटत नाहीत. उलट्या हातानं लागला तर हात आपोआप मागे येतो. लहान मुलाला ताप बघतो तसा. तुमचा मुरली रांगायला लागल्यापासून हे ऐकत आला. मला पण इतकी सवय लागली की सांगलीला माहेरी गेले तरी आईच्या फ्रिजला उलटा हात लावायची. आई म्हणायची, "काय ग, मद्रासला काय धर्म बदललास काय?"

तो खड्डा कसा आला, आठवतं? मुरली शाळेत होता. दुपारी वीज गेली, परत आली ती अशी जोरात आली की ट्यूबलाइट पांढरी फटक पडली आणि तुमचा नवाकोरा टीव्ही फट् करून गेला. ह्यांनी त्याच महिन्यात महागाचा स्पाइक बस्टर आणून लावला होता, त्याच्यावर लाल दिवाबिवा होता. हे कपाळाला हात लावून बसले, म्हणाले, फसवलं दुकानदारानं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन सॉकेट उघडलात. आत बघून तुमचा चेहरा उतरला. वायरमननं न्यूट्रलचीच एक वायर वळवून अर्थच्या पिनला जोडली होती. म्हणजे अर्थिंग नव्हतंच. नुसतं दाखवायला तिसरं भोक. तुम्ही ह्यांना म्हणालात, "तो बिचारा डबा काय करेल? जास्तीचा करंट त्यानें बाजूला काढला, पण जायला वाट कुठें आहे? अंगणांतलें गटार बुजवून ठेवलेंत आणि दार लावून घेतलेंत, तर पावसाचें पाणी घरांतच भरणार." इतकं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी सायन्स घेतलं असतं.

मग तुम्ही खड्डा खणून घेतलात. पुरुषभर खोल, त्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर सिमेंटचं झाकण. सगळ्या घराच्या हिरव्या वायरी तिथं आणल्यात. आणि सांगितलंत की अड्यारची जमीन वाळूची, उन्हाळ्यात कोरडी ठक्क होते, कोरड्या मातीत करंट जात नाही, म्हणून रोज पाणी घालायचं.

रोज पाणी! ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका बादल्या घेऊन उभ्या राहतात, तिथं ही बाई चांगलं पाणी जमिनीत ओतणार. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी पण तुमच्यावर ओरडले, खोटं कशाला बोलू. माझं बाळ लहान, त्याची दुपटी धुवायला पाणी नाही आणि तुम्ही पाइपाला पाजताय. तुम्ही सगळ्यांना समजावलंत. रेझिस्टन्स काय, लीकेज काय. कुणी ऐकलं? झाकणावर सायकली लावल्या, चुलीची राख टाकली, भांडीवालीनं त्यावरच घासायला बसायला सुरुवात केली. एकदा तर वायर धरणारा बोल्टच तुटला.

आणि मग एका शुक्रवारी सकाळी झाकणावर कुंकू. चंदनाचं बोट, कडेनं पिठाची चार ठिपक्यांची कोलम, इथली रांगोळी. सासूबाईंनी विचारलं हे काय, तर तुम्ही पापणी न लववता म्हणालात, "भूमी बसवली आहे, अत्तै. घराला बाधा नको."

त्या दिवसापासून सायकली गेल्या. राख गेली. सासूबाई स्वतः तांब्याभर पाणी घेऊन जायला लागल्या, ते सुद्धा टँकरच्या रांगेतलं. मी तुम्हाला जिन्याखाली गाठलं आणि विचारलं, अहो, हे काय सोंग? तुम्ही म्हणालात, "सरळ सांगितलें तर कोण ऐकलें? देव म्हटलें कीं पाय काढून घेतात. माझ्या पाइपाला पाणी मिळालें, झालें." मी म्हटलं, खोट्याच्या आधारावर उभं केलेलं एक दिवस कोसळतं. तुम्ही म्हणालात, "कोसळेल तेव्हां बघूं."

हे आपलं भांडण. किती वर्षं चाललं? सासूबाई गेल्या, मुलं शिकून बाहेर गेली, तुम्ही रिटायर झालात, पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं खारट पाणी झारीत साठवून तुम्ही ते घालायला लागलात, त्यामुळे पाण्याची तक्रार मिटली. पण कुंकू चालूच. खंडेनवमीच्या आयुधपूजेला तर मेन स्विच बंद करून, झाकण उघडून, बोल्ट घासून घट्ट करायचात, ग्रीस लावायचात आणि मग वर हळदकुंकू, शेवंतीची माळ. सेल्वी कामाला आली तेव्हा तिला पण भूमीच सांगितलंत. मी दर वेळी टोकायचे, दर वेळी तुम्ही "सरी, सरी" करून गप्प करायचात. दोघींनाही ते भांडण हवंच होतं बहुतेक. चहाबरोबर खारी हवी तसं.

पण ह्या दोन वर्षांत ते गमतीचं राहिलं नव्हतं, अक्का. तुमच्या ह्यांच्या, भावजींच्या फुफ्फुसांचं झाल्यापासून त्यांच्या नाकात नळी आणि उशाशी ते ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र घुर्रर्र करणारं. मी तुम्हाला म्हटलं होतं, आता तरी मुरलीला सांगून ठेवा, सेल्वीला सांगून ठेवा, की ते पाणी कशासाठी आहे. उद्या तुम्ही चार दिवस आजारी पडलात तर? तुम्ही म्हणालात, "मीं कुठें जाते? आणि देवाचें पाणी कोणी चुकवत नाहीं. विजेचें चुकवतील." मला ते पटलं. पटलं होतं तेच आता खातंय मला.

कारण देवाचं पाणी एकाच वेळी चुकवतात. सुतकात.

हॉस्पिटलात तुम्ही होतात तोवर मी फोन करकरून सेल्वीला सांगत होते, झाकणाला पाणी घाल ग. ती घालत होती. मग तुम्ही गेलात. मुरली हैदराबादहून पोचला, कुंभकोणहून वन्सं आल्या. पुढचे दिवस कसे गेले मला धड आठवत नाहीत. चहाची पातेली, चटया, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला. माझ्या डोक्यात होतं की सेल्वी घालतेय. माझ्या डोक्यात आलंच नाही, की आपल्या वन्सं, तुमच्यापेक्षा मोठ्या, सगळं रीतीनं करणाऱ्या, आल्या आल्या तिला विचारतील, "ही झारी कुठें नेतीस?" आणि ती सांगेल, "भूमीला, अम्मा." आणि वन्सं म्हणतील, "अय्यो! सुतकांत देवाला पाणी घालतात कां? ठेव तें खालीं."

त्यांचं काय चुकलं? तुम्हीच सांगितलं होतंत ना त्यांना, भूमी बसवली आहे म्हणून.

मे महिन्यातले अग्निनक्षत्राचे दिवस, इथला सगळ्यात कडक उन्हाळा. मागच्या अंगणातली वाळू पायाला चटके देते. त्या उन्हात तुमचा खड्डा किती दिवस तग धरणार?

परवाच्या दुपारी जेवणं झाली आणि वीज गेली. भावजींचं मशीन बॅटरीवर गेलं, कुणाला काही वाटलं नाही. थोड्या वेळानं आली ती तश्शीच, त्या वेळच्यासारखी. पंखा एकदम भन्नाट फिरायला लागला, दिवा पांढरा पडला आणि तुमच्या खोलीतून फट् आवाज आला. मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. जळकट वास. मशीननं एक लांब शिट्टी मारली आणि गप्प झालं. त्या खोलीत दोन वर्षांत पहिल्यांदा शांतता झाली. भावजींनी माझ्याकडे बघितलं. अक्का, ते डोळे मी विसरायची नाही. बायको जाऊन आठवडा उलटलेला माणूस, ज्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की आता मला जगायचं नाही, तो माणूस हातानं हवा ओढून घेत होता.

मुरली अडीनडीला ठेवलेल्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी उलटी फिरवत होता. मी त्याच्या हातातून घेतली. तुम्ही मला किती वेळा करायला लावलं होतंत ते, मी कंटाळायचे, तुम्ही म्हणायचात, "पुन्हा कर." सूं आवाज आला. भावजींचे निळे पडलेले ओठ परत नेहमीसारखे झाले. मग मी स्वयंपाकघरात जाऊन तुमच्या मोहरीच्या डब्याला धरून रडले. तुमच्यासाठी नाही. भीतीनं.

संध्याकाळी भाड्याचं दुसरं मशीन आलं. आणणाऱ्या माणसानं सॉकेटमध्ये त्याचा तो छोटा टेस्टर खोचला, बघितलं आणि म्हणाला, "अर्थ येत नाहीये, अम्मा. लावून देतो. पण परत व्होल्टेजचा झटका आला तर हे पण जाईल." मी फ्रिजकडे गेले. उलटा हात लावला. मुंग्या आल्या. बारीक, पण आल्या.

मी मागे धावले. झाकणावर कुंकवाचा नुसता वाळलेला डाग. झाकण सरकवलं, आत सगळं भुरभुरीत, कडेला मिठाची पांढरी खपली. तेवढ्यात सेल्वी मागे येऊन उभी राहिली आणि रडवेली होऊन म्हणाली, "कुंभकोणच्या अम्मांनी नको म्हटलं."

मी झारी भरून आणली तर धुण्याच्या दगडावर वन्सं बसलेल्या. "काय करतीस सुनंदा? आपल्या सगळ्यांना सुतक आहे."

मी सांगितलं. शपथेवर सांगते, आधी खरंच सांगितलं. म्हटलं, "वन्सं, हा देव नाही. खाली पाइप आहे, विजेचं अर्थिंग आहे. अक्कांनीच केलंय. कुणी तुडवू नये म्हणून वर कुंकू लावायच्या." इतकी वर्षं जे भांडत आले, ते पहिल्यांदा घरच्या माणसाला तोंडानं सांगितलं. मला वाटलं, आता उजेड पडेल.

वन्संनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. म्हणाल्या, "दगडाखालीं काय असतें ग? दगडच. पूजा केली कीं देव होतो. इतकीं वर्षें कावेरीनें कुंकू लावलें, माझ्या आईनें पाणी घातलें, तें अस्कें, सगळें खोटें? मेलेल्या बाईला खोटी म्हणतीस?" आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, पदरानं नाक पुसत. "माझ्या वहिनीला गति मिळूं दे ग. थोडे दिवस थांब."

थोडे दिवस. आत मशीन घुर्रर्र करत होतं आणि रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर तापून गुणगुणत होता. हे माझ्या मागे उभे होते, ह्यांना सगळं माहीत, पण ताईच्या पुढे हे कधी बोललेत? मेडिकलमधून काहीतरी आणायचं म्हणून निघून गेले. म्हातारीला बाजूला सारून पाणी ओतता आलं असतं मला. पण एकदा ओतून भागणार नव्हतं, कोरड्या खड्ड्याला दिवसातून चार वेळा लागणार होतं. घर माणसांनी भरलेलं. आणि मला त्यांचं रडणं बघवेना.

मग मी काय केलं माहीत आहे? मी तुम्ही झाले.

पापणी न लववता म्हटलं, "वन्सं, अक्कांनी हॉस्पिटलात मला शेवटचं सांगितलं. म्हणाल्या, माझं काही झालं तरी भूमीचं पाणी बंद करू नका. सुतक असलं तरी."

वन्सं एकदम थांबल्या. "असें म्हणाली?"

"हो."

त्यांनी डोळे पुसले, उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत. माझ्या हातातली झारी घेतली. "कुंकू नको. पाणी चालेल. जाणाऱ्याची इच्छा आहे," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. खड्ड्यानं ते गटागट पिऊन टाकलं. मी दुसरी झारी आणली, मग तिसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजला हात लावला, गार, गप्प. त्या माणसाला परत बोलावलं, त्याच्या टेस्टरवरचा दिवा लागला. भावजी आत्ता झोपलेत, मशीन चालू आहे.

म्हणजे वाद तुम्ही जिंकलात, अक्का. सरळ सांगितलें तर कोण ऐकलें? पण जिंकलात म्हणून मला तुमच्याशी हात मिळवावासा वाटत नाही. तुमच्या त्या कुंकवानंच भावजींचा श्वास जायची वेळ आणली. आणि तुमच्याच रीतीनं मी तो वाचवला. आता ह्यात कोण बरोबर? तुम्ही असतात तर भांडून ठरवलं असतं. एकटीला ठरवता येत नाही.

आणि खोटं कुणाच्या तोंडी घातलं मी? तुमच्या. तेही शेवटच्या घटकेचं.

खरं काय झालं ते फक्त मला माहीत आहे. मी तुमच्या कॉटशी होते. कपाळाला उलटा हात लावला, सवयीनं, तर तुम्ही डोळे उघडलेत. मास्क बोटांनी खाली ओढलात आणि काहीतरी बोललात. दोन-तीन शब्द. मी वाकले, पण त्या ऑक्सिजनच्या सूं आवाजात मला काही कळलं नाही. "काय, अक्का? परत बोला." नर्सनं मास्क परत वर चढवला आणि मला बाहेर काढलं. मी बाहेर उभी राहून विचार करत होते, पाणी मागितलं असेल का, भावजींचं काही असेल का, गॅस बंद केला का असं तर नसेल! थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. ते काय बोलले ते तुम्हाला सांगायला नको.

ती रिकामी जागा मी खड्ड्यानं भरली.

वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतायत. "शेवटच्या श्वासालासुद्धां भूमीला विसरली नाहीं हो कावेरी." बायका हात जोडतात. कोपऱ्यातल्या घरच्या मामी तर झाकणाला प्रदक्षिणा घालून गेल्या. मी चहाचे कप उचलत मान खाली घालते. वाटलं, असू दे, कुणाचं काय जातंय.

मुरलीचं गेलं.

आज दुपारी तो माझ्यामागे जिना चढून आला. तुमचा मुलगा म्हणजे मोजकं बोलणारा, अर्धं तामिळ, अर्धं इंग्रजी, मध्येच तुमचं जुनं मराठी. पायरीवर बसला. म्हणाला, "चित्ती, एक विचारूं?" इथल्या रीतीप्रमाणे काकूला तो चित्तीच म्हणतो. मी म्हटलं, विचार. तो नखं बघत म्हणाला, "अम्मा शेवटीं फक्त तेंच बोलली? भूमीचें पाणी? माझें नांव… आय मीन, मी येतोय हें तिला ठाऊक होतें ना?"

अक्का, त्या क्षणी तुम्ही कुठे होतात? एरवी प्रत्येक गोष्टीत तोंड घालायचात.

एक खोटं बोललं होतं, दुसरं जिभेवर तयार होतं. "तुझंच नाव घेत होत्या रे." सोपं होतं. त्यानं मान टेकवून रडून घेतलं असतं आणि हलका होऊन हैदराबादला गेला असता. तुम्ही असतात तर तेच केलं असतंत, मला खात्री आहे. चंदनाचं बोट लावून मोकळ्या झाला असतात. मी तोंड उघडलं आणि मला तो खड्डा दिसला, वर कुंकू आणि आत कोरडा.

मी त्याला सगळं सांगितलं. की तुम्ही काहीतरी बोललात आणि मला ऐकू आलं नाही. की भूमीचं ते माझं, मी रचलेलं, त्याच्या अप्पांच्या मशीनसाठी. तो चिडला. "म्हणजे कुणालाच माहीत नाहीं? कधीच कळणार नाहीं?" मी म्हटलं, "नाही रे, राजा." तो उठला आणि धाडधाड खाली गेला. मला वाटलं, आता वन्संना जाऊन सांगणार, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी घरात रणकंदन होणार. होऊ दे, म्हटलं.

थोड्या वेळानं मी जिन्यातून वाकून बघितलं. तो अंगणात उकिडवा बसला होता. झाकण बाजूला, मान खाली घालून आत बघत होता. मग फिल्टरखालची झारी घेऊन आला आणि हळूहळू, कडेकडेनं, तुम्ही ओतायचात तसं ओतलं. मी खाली गेले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चित्ती, कुठला बोल्ट घट्ट करायचा?" मी दाखवला. हिरवी वायर कुठून येते तेही दाखवलं. तुमचा पाना अजून त्या पत्र्याच्या डब्यातच आहे. तो कितीतरी वेळ बोल्ट पिळत बसला, गरज नव्हती तेवढा. "माझें नांव असूं शकतें," म्हणाला. मी म्हटलं, असू शकतं. "किंवा हा खड्डाच असेल," असं म्हणून तो हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

झाकणाचं काय करायचं ते ठरलेलं नाही. मला त्यावर ठळक तामिळ अक्षरात अर्थिंग म्हणून रंगवायचंय. वन्सं म्हणतात, उद्या सुतक सुटलं की पहिलं कुंकू मी लावणार. त्यांना मी खरं सांगणार की नाही, मला माहीत नाही. तुमच्यावर अजून राग आहे, तो जात नाही. जाऊ नये असंही वाटतं, राग गेला की तुमच्याशी बोलायला काय उरणार?

एवढंच सांगायला बसले होते. पाणी घालून झाल्यावर मुरली हात धुऊन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, झालं का बघूया, आणि सरळ फ्रिजचं हँडल धरायला गेला. माझ्या तोंडून निघून गेलं, जोरात, अगदी तुमच्या आवाजात.

"उलट्या हातानें!"

तो जागच्या जागी थांबला. हात तसाच हवेत. मग त्यानं तो वळवला आणि फ्रिजच्या दाराला टेकवून ठेवला. करंट नाही हे कळल्यावरसुद्धा बराच वेळ काढला नाही.

"हें अम्माचें आहे ना?" म्हणाला.

मी म्हटलं, हो, हे तिचंच आहे.